पुढच्या मंगळवारी ये

"दुखंल का ओ बाई?" असं विचारून सारिकानं बोट पुढं करायच्या ऐवजी मूठच आवळून घेतली.

"सातवा महिना लागलाय तुला, पुढं बाळंतपण आहे, आणि सुईच्या टोकाला भितेस?" मी म्हणाले. "आण ते बोट इकडं."

बाकावरच्या बायका हसल्या. तिची सासू, हौसाबाई, दारातूनच म्हणाली, "लई नाजूक हाय ओ आमची. मदुराईला ऱ्हाऊन आलीया न्हवं."

आमच्या उपकेंद्राच्या गावातली निम्मी घरं अशीच होती. घरातला कर्ता गडी सोनं गाळायच्या धंद्यात, गलाईत, कुणी मदुराईला, कुणी कलकत्त्याला. बायका कधी तिकडं, कधी इकडं. सारिका लग्न होऊन वर्षभर नवऱ्यापाशी मदुराईला होती आणि पहिलं बाळंतपण म्हणून गावी आली होती. एकवीस वर्षांची, बोलकी, दंडावर गोंदलेलं नवऱ्याचं नाव सारखं पदरानं झाकणारी. मला ती पहिल्या भेटीतच आवडली होती.

मंगळवार हा गरोदर बायकांचा दिवस. वजन, रक्तदाब, पोट तपासणं, लोहाच्या गोळ्या, आणि त्याच्या आदल्या वर्षापासून एचआयव्हीची तपासणी. ही तपासणी पूर्वी फक्त तालुक्याच्या दवाखान्यात व्हायची आणि आमच्या निम्म्या बायका तिथवर जायच्याच नाहीत. म्हणून ती आम्हा नर्सबायांच्या हाती दिली. बोटातून थेंबभर रक्त, वर औषधाचे दोन थेंब, वीस मिनिटं थांबायचं आणि वाचायचं. आईला दोष आहे हे वेळेत कळलं तर तिला गोळ्या सुरू होतात, जन्मल्या जन्मल्या बाळाला औषध मिळतं आणि बाळ बहुतेक वेळा सुखरूप सुटतं. नाही कळलं तर बाळाचं काय व्हायचं ते होतं.

आम्हाला हे शिकवायला तालुक्याचे लॅबवाले तांबोळी होते. त्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "आम्ही दोन वर्षं शिकून हे काम करतो, आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीपर्यंत शिकणार," असं त्यांनी पहिल्याच वाक्याला ऐकवलं. मला राग आला. मी म्हटलं, "तांबोळीसाहेब, कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केलीत आम्ही. एक थेंब टाकायला काय लागतंय?"

"थेंब टाकाल हो बाई," ते म्हणाले. "बघाल का नीट, तेवढं सांगा."

मग त्यांनी कार्ड दाखवलं. वरची रेघ उठली की कार्ड चालू आहे एवढंच कळतं. खाली दुसरी उठली की बाईला गुपचूप तालुक्याला पाठवायचं, पक्कं काय ते तिथं ठरतं. "रेघ गडद आहे की फिकट आहे, हा तुमचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "आहे की नाही, एवढंच. आणि वीस मिनिटांनी बघायचं. तासानं बघितलं तर कार्डसुद्धा खोटं बोलतं." मी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन ओळी मारून.

लिहिलेलं पहिल्यांदा विसरले ते मंगलच्या वेळी. मंगल ही सुताराची सून, तिसऱ्यांदा गरोदर. तिचं कार्ड लावलं आणि तेवढ्यात एक पोर झाडावरून पडून आलं. त्याचा हात बांधून, गाडीत घालून परत येईतो तास उलटला होता. कार्डावर दुसरी रेघ. मी घाबरून तिला चिठ्ठी देऊन पाठवलं. चिठ्ठी पाहिली आमच्या आशाताईनं, म्हणजे छबूनं, आणि छबूच्या पोटात तर पाणीही ठरत नसे. तालुक्याहून तपासणी साफ येईपर्यंत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत मंगलचं ताट वेगळं झालं, अंथरूण गोठ्यात गेलं आणि थोरल्या मुलीला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. साफ आल्यावरही ती मला कधी भेटायला आली नाही. समोरून दिसली तर बोळातून वळून जायची.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मंगलनंतर दीड महिन्यानं सारिका माझ्यासमोर मूठ आवळून बसली होती.

शेवटी तिनं बोट दिलं, डोळे मिटून. मी थेंब घेतला, औषध टाकलं, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकराला दहा कमी होते. त्या वीस मिनिटांत मी जागची हलले नाही. दोघींची वजनं केली, एकीला धनुर्वाताची सुई दिली, पण डोळा घड्याळावर. एकदा झाली ती चूक पुन्हा होणार नाही असं मी स्वतःला सांगत होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी कार्ड उचललं. वरची रेघ ठसठशीत होती. खाली काहीतरी होतं. रेघ म्हणावी तर म्हणावी, नाहीतर नुसता धुरकट पट्टा. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं तर दिसायची, टेबलाकडं आणलं तर विरून जायची.

आता दिवस गेलेत की नाहीत ही तपासणी आम्ही वर्षानुवर्षं अशाच कार्डावर करत आलो होतो. तिथं रेघ फिकट आली की आमची ठरलेली रीत होती. बाईला सांगायचं, आठ दिवसांनी ये, तोवर गडद होईल नाहीतर जाईल. शेकडो वेळा मी हे म्हटलं असेन. नऊ महिन्यांच्या कामात आठ दिवसांनी कुणाचं काही बिघडत नाही. ती रीत माझ्या हातातच मुरली होती.

"काय आलंय ओ बाई?" सारिकानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "रक्त जरा कमी पडलं. पुढच्या मंगळवारी ये, परत एकदा बघू."

"परत टोचायचं?"

"मुंगी चावल्यासारखं तर होतं. ये म्हटलं की यायचं."

ती उठली, गोळ्यांची पुडी घेतली आणि हौसाबाईंच्या मागं निघून गेली. मी कार्ड डब्यात टाकलं. खरं तर दुसरं कार्ड लावता आलं असतं, पाच शिल्लक होती. पण एका बाईला दोन लावली की का लावली ते लिहावं लागतं. नाहीतर नियमाप्रमाणं सरळ तालुक्याला पाठवता आलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर गोठ्यातलं अंथरूण होतं.

संध्याकाळी रजिस्टर भरायचं होतं. त्यात दोनच रकाने, आहे आणि नाही. मोकळं सोडलं तर दुसऱ्या दिवशी वरून फोन येतो. मी 'नाही'च्या रकान्यात खूण केली, आणि तिचं गरोदरपणाचं कार्ड माझ्याकडं राहिलं होतं, त्यावरही तसाच शिक्का उठवून ते छबूच्या हाती घरी पाठवलं. पुढच्या मंगळवारी गरज पडली तर खोडू, असं मनाशी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. दुपारी मी छबूला म्हटलं, "मदन्यांची सारिका राहिली बघ. जा, घेऊन ये."

छबू अर्ध्या तासानं परत आली. "म्हाईरी गेलीया म्हणं. सासूनं सांगितलं, भाऊ आला हुता न्यायला."

आणि मला हायसं वाटलं. हे मी लपवून ठेवणार नाही. छातीवरचं कुणीतरी ओझं उचलून नेल्यासारखं वाटलं. तिचं माहेर जतकडचं, तिथल्या सिस्टरचा नंबर माझ्याकडं होता. सारिकाचा स्वतःचा नंबरही रजिस्टरात होता. दोन्हीपैकी एकही लावला नाही. पहिले काही दिवस उद्या लावू म्हणत होते, मग तेही म्हणेनाशी झाले.

माहेरच्या दवाखान्यात मुलगी झाली. तिथल्या लोकांनी तिचं गरोदरपणाचं कार्ड उघडलं, माझा शिक्का बघितला आणि परत तपासायची गरज मानली नाही. मुलगी साडेतीन महिन्यांची झाल्यावर सारिका सासरी आली. नाव ठेवलं होतं ईश्वरी. कपाळाला गालबोट, पायात काळे मणी. तिचं लसीकरण मीच केलं. मांडीत सुई टोचताना सारिकाच दुसरीकडं तोंड करायची, आणि पोर रडायच्या आधी ती रडायची. त्या मंगळवारचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही.

सहाव्या महिन्यानंतर ईश्वरीचं वजन वाढेना. तोंडात पांढरा थर यायचा, जायचा, परत यायचा. हगवण लागली की पंधरा पंधरा दिवस हटायची नाही. मी पाजायची पद्धत समजावली, मिठासाखरेचं पाणी दिलं, जंताचं औषध दिलं. हौसाबाई नजर उतरवायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. त्या पोरीला काट्यावर ठेवताना मी सारिकाकडं बघत नसे. तरी मी गप्प होते. दहाव्या महिन्यात शेवटी मी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना म्हटलं, हिला सांगलीला पाठवू या. पण तिथंही काय संशय आहे ते सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, वजन वाढत नाही.

सांगलीत तीन आठवड्यांनी कळलं. आधी मुलीचं, मग आईचं, मग मदुराईहून आलेल्या बापाचं. कुणाकडून कुणाला आलं हे विचारण्यात काही अर्थ नव्हता, आणि त्या घरानं, मानलं पाहिजे, ते विचारलंही नाही. औषध सुरू झालं, पण पोरीच्या अंगात काही उरलं नव्हतं. तेराव्या महिन्यात, न्यूमोनिया होऊन, ईश्वरी गेली.

चौकशी झाली. डॉक्टरांनी माझं रजिस्टर बघितलं. 'नाही'. मग सगळ्यांनी मिळून असं ठरवलं की त्या वेळी लागण ताजी असेल, कार्डात उतरली नसेल, असं होतं कधी कधी. मला कुणी एक उलट प्रश्न विचारला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

फक्त तांबोळींचा फोन आला. "बाई, ते कार्ड कसं दिसलं होतं?"

"साफ होतं," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्याच वर्षी आम्हा नर्सबायांचं काम किती अचूक आहे ते बघायला वरून माणसं आली. आम्ही तपासलेल्या बायकांची रक्तं पुन्हा लॅबमध्ये तपासून ताळा घेतला. माझे साठच्या साठ जुळले. मला सगळ्यांपुढं उभं करून कौतुक केलं, नारळ दिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत तांबोळीही होते. तो नारळ मी येताना वाटेतल्या देवळात ठेवून आले, घरी न्यायचं धाडस झालं नाही.

मग दीड वर्षानं, मंगळवारीच, सारिका उपकेंद्राच्या दारात उभी राहिली. पुन्हा दिवस गेले होते. सांगलीच्या गोळ्या नियमानं चालू होत्या, तिथल्या डॉक्टरांनीच धीर दिला होता की बाळ चांगलं होईल. वजन आणि रक्तदाब तेवढा गावात बघून घे म्हणाले होते. तिचा चेहरा ओढला होता. बोलणं कमी झालं होतं. हौसाबाई बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या, आत आम्ही दोघीच.

मी रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला बांधला, हवा भरली, आणि काटा काही मला दिसेना. पट्टा सोडून टाकला.

"सारिका, मला तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. "ईश्वरीच्या वेळी, तुझ्या कार्डावर रेघ होती. फिकट होती, पण होती. रक्त कमी पडलं हे मी खोटं सांगितलं तुला. रजिस्टरात खोटं लिहिलं."

मला वाटलं होतं ती ओरडेल, उठून जाईल, निदान रडेल.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"रेघ हुती ते. तुमी खिडकीपाशी कार्ड धरलं तवा माझ्याच बाजूला हुतं ते. आन् तुमच्या ह्या भिंतीवर चित्र हाय की, एक रेघ म्हंजी काय, दोन म्हंजी काय. बसल्या बसल्या वाचलं हुतं मी."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी 'काय न्हाई' म्हणाला. मला वाटलं, बाईस्नी कळतंय, त्या न्हाई म्हणत्यात म्हंजी न्हाईच. आन् मला तरी कुठं हाय म्हणून पायजे हुतं?"

"पुढच्या मंगळवारी बोलावलं होतं तुला मी. पण तू माहेरी गेलेली."

तिनं मान हलवली. "ओटी त्याच्या फुडच्या शुक्रवारी भरली बाई. शुक्रवारी गेले मी. मंगळवारी घरातच हुते. छबूमावशीचा आवाज आला आन् आतल्या खोलीत जाऊन बसले. सासूबाईस्नी म्हटलं, मला सुईचं भ्या वाटतंय, गेली म्हाईरी म्हणून सांगा. त्या हसल्या आन् तसंच सांगितलं त्यांनी. त्यास्नी काय ठावं."

इतके दिवस मी धरून बसले होते की ती निघून गेली म्हणून राहिलं. ती दोनशे पावलांवर दार लावून बसली होती, आणि मी इथं हायसं वाटून घेत होते.

"हे बघ," मी म्हणाले, "तू एकवीस वर्षांची पोर होतीस. माझी बावीस वर्षं नोकरी झाली होती. तू लपलीस तर तुला शोधून आणणं हे माझं काम होतं. यात तुझी काही चूक नाही. सगळी माझी आहे. मी साहेबांना आज लिहून देते."

"द्या की लिवून," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पर तुमी लिवल्यानं माझं काय सुटतंय? रेघ तुमी बघितली, मी बी बघितली. तुमच्याकडं गावच्या समद्या बायका हुत्या, बाई. माझ्या पोटात ती एकलीच हुती."

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही. मग बाहेरून हौसाबाईंनी ऊन चढल्याचं सांगितलं आणि ती उठून गेली.

मी त्याच दिवशी लिहून दिलं. चौकशी परत उघडली, दोन वर्षं वेतनवाढ थांबली, कार्डं माझ्याकडून काढून घेतली आणि वर्षानं परत दिली. तांबोळींनी स्वतः येऊन मला पुन्हा शिकवलं, पहिल्यापासून. टोमणा एकही मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

सारिकाला मुलगा झाला. अठरा महिन्यांनी त्याची शेवटची तपासणी साफ आली, तेव्हा हौसाबाईंनी गावभर पेढे वाटले. आमच्याकडं छबूच्या हाती पाठवतील असं मला वाटलं होतं. पण दुपारी सारिका स्वतःच आली, पोराला कडेवर घेऊन. उंबऱ्याच्या आत आली नाही. माझ्या हातावर एक पेढा ठेवला आणि तिथंच थांबली.

"खावा की," ती म्हणाली.

"खाते, बस तरी."

"न्हाई. तिचं नाव घिऊन खावा, बाई. घरात आता कुणी घेत न्हाई. ह्याच्या कानावर पडाय नगो म्हणत्यात."

मी नाव घेतलं. तिनं ते ऐकलं, मान डोलावली, आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन उन्हातून घराकडं निघाली.